बाटलीवरची वेणी

"धाकटीची वेणी बघा कशी नागिणीसारखी! थोरलीची नुसती उंदराची शेपटी!" लहानपणी ऐकलेलं आत्याचं बोलणं थोरलीला अजून सलत होतं. केशतेलाच्या जाहिरातीत 'महिन्यात कमरेपर्यंत केस' या ओळीखाली पाठमोरी धाकटीच दिसली, तेव्हा थोरलीचा जळफळाट झाला. सख्ख्या बहिणीपासूनही गुपित राखलं म्हणायचं! तिनं चोरून तेच तेल आणलं, चोळलं. केस पुंजक्यांनी गळाले. दुकानदारानं हात वर केले. शेवटी तिनं बाटली धाकटीसमोर आदळली. "तुलाच बरं लागू पडलं गं!" धाकटीनं वेणीचा आकडा काढला. गंगावन सुटून बाटलीशेजारी पडलं. मानेवर चार विरळ बटा उरल्या. "बाळंतपणानंतर सगळे केस गळाले, ताई. तेल मी कधी लावलंच नाही, फोटोपुरती उभी राहिले. बाटली, पावती जपून ठेव. ग्राहक मंचात तक्रार कर. ही वेणी घेऊन साक्षीला मी येते."