टाकीकडे मार!

सामना पेनल्टीवर गेला तशी थोरली उठून गोलच्या मागच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली, ती काही टाळ्या वाजवायला नव्हे.

गोलमध्ये तिची धाकटी जाऊ उभी होती, पिवळ्या जर्सीत, चिखलाने माखलेली. ती हरावी म्हणून थोरली या कपाच्या पायी मैदानामागून मैदान पालथं घालत होती. कपाचं एक बरं असतं, एकदा हरलं की बाहेर. आणि घरात सगळ्यांसमोर ठरलं होतं, हिचा संघ बाहेर पडला की हिने हातमोजे माळ्यावर टाकायचे आणि घरच्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहायचं. कप जिंकलीस तर मात्र खेळ बाई हवं तितकं, असंही थोरलीच बोलून बसली होती. बायकांचा फुटबॉल तो, कितीसा टिकणार, असं तिला वाटलं होतं.

पण ही बया हरायचं नाव घेईल तर शपथ! पहिलं मैदान नुसतं धुळीचं, तिथे जिंकली. दुसरं कारखान्याच्या मागे, कामगार भिंतीवर बसून शिट्ट्या मारत होते, तिथेही जिंकली. तिसऱ्या ठिकाणी बसायला खुर्च्या होत्या, पण ऊन असं की थोरलीचं डोकं उठलं. दरवेळी लाँड्रीच्याच गाडीतून जायचं. गाडी दीर चालवणार, मागे इस्त्रीचे कपडे लोंबकळणार, येता-जाता ते घरोघर पोचवायचे. आणि परत आल्यावर तुंबलेली इस्त्री उरकायची कुणी? थोरलीने. तिची मनगटं सुजून टम्म झाली होती. कुणी एका शब्दाने विचारलं असेल तर!

"वहिनी, तुम्ही कशाला दगदग करता?" दीर आज सकाळीच म्हणाला होता. "निकाल मी फोनवर कळवतो की."

"काही नको. हिला हरताना मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय," थोरली म्हणाली होती, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली होती.

खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण माणूस इतके सामने एकाच बाईकडे खाऊ का गिळू बघत बसलं, की काहीबाही दिसायला लागतंच. पेनल्टीला धाकटी नेहमी आपल्या उजव्या हाताला झेप घ्यायची. का, तेही थोरलीला ठाऊक होतं. डावा खांदा धरलेला होता तिचा. घरात साधी बादली उचलायची तरी उजव्या हातानेच उचलायची.

आज उजव्या हाताला मैदानाचं फाटक होतं, डाव्या हाताला पाण्याची टाकी. धाकटी दरवेळी फाटकाकडेच पडली होती. त्यातच नशिबाने एक चेंडू हाताला लागला होता, म्हणून तिचा संघ एका गोलने पुढे होता.

आता समोरच्यांची शेवटची पेनल्टी. ही अडवली की धाकटी फायनलला. गोल झाला तर पुन्हा बरोबरी, आणि धाकटीच्या संघातल्या बऱ्यापैकी मारणाऱ्या सगळ्या मारून मोकळ्या झाल्या होत्या.

समोरची उंच पोरगी चेंडू ठेवून मागे सरकली. मैदान चिडीचूप. थोरलीला काही राहवेना.

"टाकीकडे मार गं पोरी!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. "टाकीकडे! ही मेली फाटकाकडेच पडते दरवेळी!"

आजूबाजूची माणसं तिच्याकडे बघतच राहिली. दिराने कपाळावर हात मारून घेतला. उंच पोरीने मान वर करून टाकीकडे एकदा पाहिलं. धाकटीने काही मागे वळून पाहिलं नाही.

शिट्टी झाली. चेंडू टाकीच्या बाजूला गेला, खाली, सणसणीत. धाकटी तिथे आधीच पोचली होती. ती त्या दुखऱ्या खांद्यावरच आदळली, कळवळली, पण चेंडू तिने पोटाशी घट्ट धरला होता.

तिच्या मैत्रिणी ओरडत येऊन तिच्या अंगावर पडल्या. थोरली कठडा धरून उभी होती. आपल्याच तोंडाने आपण आपला घात केला, हे तिला कळलं आणि तिला स्वतःचाच असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं.

परतताना गाडीत दीर उगाचच हॉर्न वाजवत होता. धाकटी मागे कपड्यांच्या शेजारी बसली होती. तिने ओले हातमोजे काढले आणि हँगरच्या दांडीवर, इस्त्रीच्या शर्टांच्या मधोमध अडकवले.

"जाऊबाई," ती म्हणाली. एरवी ती थोरलीला ताई म्हणायची. "फायनललाही या हं. गोलच्या मागेच उभ्या राहा. तुमच्याइतकं बारकाईने मला अजून कुणी पाहिलेलं नाही."

"येणार तर! मी काय घाबरते का तुला?" थोरली पुढे बघतच म्हणाली.

"या ना. फक्त कुठल्या बाजूला ओरडायचं, ते इस्त्री करता करता नीट ठरवून ठेवा."

थोरलीने झटक्यात मागे वळून पाहिलं. धाकटी खांदा दाबत, डोळे मिटून बसली होती. हातमोज्यांचा चिखल खालच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर टपटप गळत होता, आणि तो शर्ट आता पुन्हा कुणी धुवायचा, कुणी इस्त्री करायचा, हे गाडीतल्या तिघांनाही माहीत होतं.