दारातला डोंगर

दातांच्या डॉक्टरांनी शेवटी डोंगर फोडला. पण त्यांच्या आगगाडी-क्लबात तो विषय काढत नाहीत, म्हणून आपणही तो फुटलाच नाही असं धरू. तर डॉक्टर, शिंपी आणि पोस्टमन यांनी छोट्या आगगाडीचे रूळ दवाखान्यामागच्या खोलीभर फिरवले, खोलीच्या एकुलत्या दारात कवळीचे साचे काढायच्या प्लास्टरचा छातीइतका डोंगर उभारला आणि बोगद्यातून पहिली गाडी बाहेर पडताच टाळ्या पिटल्या. गाडी थेट दवाखान्यात पोहोचली. हे तिघे मात्र आत अडकले; वरून चढून जावं तर डोंगर मोडणार. तिकडून डॉक्टरांची बायको ओरडली, “अहो, पेशंट केव्हाचा आ करून बसलाय!” डॉक्टरांनी हातोडी उचलली. “खुशाल फोडा,” शिंपी म्हणाला, “डोंगरावरची झाडं मी वर्षभर एकेक करून शिवलीयत, एवढंच.” डॉक्टरांनी हातोडी ठेवून स्टेशनमास्तरचा भोंगा घेतला: “कृपया लक्ष द्या. दाढ दुखणाऱ्या प्रवाशांनी तोंड न मिटता, येत्या मालगाडीने बोगद्यातून आत यावे, ही नम्र विनंती.”