अस्सल पातं

संग्रहालयाच्या बाईंनी कापड बाजूला सारलं आणि टेबलावर तलवार उघडी झाली. दादानं हात पुढे केला. तो वाटेतच थांबला. पातं त्याचंच होतं.

बाई सांगत होत्या की तलवार तीनशे वर्षांपूर्वीची आहे म्हणतात, एका जुन्या घराण्यातून आलीय, दालनात मांडण्याआधी जाणकाराचं मत हवंय. शहरात पात्यातलं दादाइतकं कळणारा दुसरा कुणी नव्हता. पस्तीस वर्षं त्यानं भट्टीपुढे काढली होती. नाटकवाल्यांसाठी, हौशी लोकांच्या दिवाणखान्यांसाठी तो तलवारी घडवायचा. पण नवं ते नवं म्हणूनच द्यायचं, हा त्याचा शिरस्ता. लोखंडाच्या बाबतीत त्यानं आयुष्यात कुणाला थाप मारली नव्हती. खिडकीपाशी साध्या कपड्यातला एक माणूस मांडीवर वही घेऊन बसला होता. असेल कारकून, असं दादाला वाटलं.

त्यानं तलवार उचलली. वजन ओळखीचं, तोल ओळखीचा. बाक तर त्यानं डोळे मिटूनही ओळखला असता. तरी माणसाची आशा वेडी असते. त्यानं पातं उजेडात धरलं आणि टोकापासून वीतभर मागे पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढा वण तिथं होताच. नात झाल्याचा निरोप आला तेव्हा हातातला हातोडा तिरका पडला होता. घासला असता तर वण गेला असता, पण त्यानं मुद्दाम राहू दिला होता.

बाकी सगळ्याची रया गेली होती. आम्ल लावून, माती चोळून कुणीतरी पात्यावर सावकाश म्हातारपण चढवलं होतं. मूठ मात्र खरोखरच जुनी होती, कुठल्या तरी मोडक्या तलवारीची काढून बसवलेली.

दोन वर्षांपूर्वी ही तलवार छोट्या घेऊन गेला होता. छोट्या म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली तरी छोट्याच. वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि दादा विशीत. दादानं त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, भट्टीची धग कधी लागू दिली नाही. दादानं घडवायचं आणि छोट्यानं विकायचं, अशी कामाची वाटणी आपोआप झाली. छोट्याच्या जिभेवर साखर होती. तलवार नाटक कंपनीला दिली, असं त्यानं सांगितलं होतं. नाटक कसं झालं विचारल्यावर, नायकाच्या हातात ती कशी लखलखली आणि लोकांनी कशा टाळ्या वाजवल्या, तेही रंगवून सांगितलं होतं. दादानं त्या टाळ्या घरी जाऊन बायकोलाही ऐकवल्या होत्या. ते आठवून आता त्याचे कान गरम झाले.

त्यानं तलवार अलगद खाली ठेवली. रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. आपल्याच घरातल्या माणसानं आपल्या हातचं काम असं नासवावं आणि आपल्याला वासही लागू नये. खरं बोललो तर छोट्या गजाआड जाईल. त्याच्या दोन पोरी, त्याची बायको, सगळी आपल्याच दारात येऊन उभी राहतील. आणि मरताना आई काय म्हणाली होती? धाकट्याला सांभाळ. एवढंच म्हणाली होती.

बाई त्याच्याकडे रोखून पाहत होत्या. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. घाई नाही, म्हणाल्या. नीट आठवून सांगा, ही तलवार याआधी कधी पाहिली असेल तर आत्ताच सांगून टाका. त्यांचा आवाज मऊ होता, जवळजवळ विनवणीचा. दादाला वाटलं, बाई भल्या आहेत, अशा माणसाला फसवणं बरं नव्हे. त्यानं पाणी एका दमात संपवलं.

"कधीच पाहिली नाही," तो म्हणाला. "अस्सल आहे. तीनशे वर्षांची तर नक्कीच."

बाईंनी मान खाली घातली. खिडकीपाशी बसलेल्या माणसानं सगळं लिहून घेतलं आणि कागदावर दादाची सही घेतली. मग त्या माणसानं आपण पोलीस खात्यातले असल्याचं सांगितलं. पातं आणि मूठ एका वयाची नाहीत, हे बाईंच्या महिन्यापूर्वीच लक्षात आलं होतं. त्यावरून तलवार विकायला आणलेल्या छोट्याला ठाण्यात बोलावलं होतं आणि चार दिवसांपूर्वी त्यानं जबाब दिला होता.

वहीतून त्यानं घडी घातलेला कागद काढला. अक्षर छोट्याचंच होतं. तलवार दादानंच बनवली, त्यानंच ती जुनी केली आणि घराण्याची म्हणून आपल्याकडे विकायला दिली, आपल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं त्यात लिहिलं होतं. त्या माणसानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती वाचून दाखवली.

"खोटं वाटत असेल तर दादाला बोलावून विचारा. तो ती अस्सल आहे असंच सांगेल."