हक्कसोडाची साडी

"ताई, आवर गो! भिवंडीच्या रजिस्टर ऑफिसात नंबर लावलाय," दामू रिक्षातूनच ओरडला.

मैना नवी साडी नेसून माहेरच्या घरात पाटावर बसली. भावाने आणलेली साडी. हक्कसोडाची साडी म्हणा ना! शेलार गावातल्या किती बहिणींनी अशी नेसली असेल. एक साडी, एक सही, आणि बापाच्या जमिनीवरचं नाव गेलं.

मैनाला नाव सोडायचं नव्हतं. त्या बांधावर ती बापाचं बोट धरून चालली होती. पण दामू म्हणाला होता, "नेत्राला बचत गटातून कर्ज मिळतंय. भेंडीला पाइप टाकायचेत. सातबाऱ्यावर तुझं नाव हाय तोवर गट पैसे देत न्हाय. तुझ्यापायी आडलंय सगळं."

हे शेवटचं मैनाच्या काळजाला लागलं. नेत्रा, दामूची बायको, त्या शेतात एकटी राबते. शेजारच्या पूर्णा गावाकडची आजूबाजूची सगळी जमीन गोदामांखाली गेली, एवढा तुकडा तिच्या कष्टावर हिरवा राहिला. आणि तिच्याच वाटेत आपण आडवं यायचं? शिवाय सही न करणाऱ्या बहिणीला माहेरी पाणी तरी कोण विचारतं? आईबाप गेल्यावर माहेर म्हणजे भाऊच की.

नेत्रा ओटीचे तांदूळ आणि नारळ घेऊन समोर बसली. तिची नजर खाली, ताटातच होती. बिचारीला नणंदेचा वाटा घ्यायला लाज वाटतेय, मैनाला वाटलं.

"अगं, तोंड का पाडलंस? मी आनंदाने देतेय. तू पिकव म्हणजे झालं."

नेत्राने तिला कुंकू लावलं.  तांदळाची ओंजळ पदरात घालताना ती इतकी वाकली की दोघींची डोकी टेकली. बाहेर दामूने पुन्हा हाक मारली.

"वन्सं," नेत्रा पुटपुटली, "गटाच्या कर्जाला सातबारा लागतच न्हाय. आम्ही बायाच एकमेकींना जामीन राहतो. माझं कर्ज कवाच मिळालं, पाइपबी टाकून झाले."

मैनाने पदर घट्ट धरला. "मग माझी सही कशाला?"

"गोदामवाल्याला पायजे. हे त्याला शेत विकतायत. तुमचं नाव हाय, म्हणून तर आजवर शेत हाय."