चौदा वर्षांची झीज

वस्तू आपोआप नव्यासारख्या करणाऱ्या दुरुस्ती-कपाटाचं दार उघडलं आणि तायवो आनंदानं किंचाळलीच. कालच याच कपाटातून फुटलेली बशी सांधून निघाली होती, पण हे तर त्याहून भारी! तिच्या हातातल्या लाकडी बाहुलीचे झिजून गेलेले डोळे आणि ओठ आत्ताच कोरून काढल्यासारखे दिसत होते.

ही बाहुली म्हणजे तायवोची जुळी बहीण, केहिंदे. ती सात महिन्यांची असताना गेली. मग नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या रीतीप्रमाणे आईनं इबादान शहरातल्या एका कारागिराकडून तिची मूर्ती कोरून घेतली, आणि चौदा वर्षं तिला न्हाऊ घातलं, भरवलं, नवे कपडे शिवले.

“आई, बघ ना! अगदी पहिल्या दिवसासारखी झालीये!”

आईनं त्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली आणि ती थबकली.

“थोरलीला विचारलंस का गं?” योरुबा लोक जुळ्यांमध्ये मागून जन्मलेल्याला थोरलं मानतात, म्हणून केहिंदेच थोरली. “माझ्या हातांनी झिजला होता तिचा चेहरा. तेवढीच ती माझ्याजवळ मोठी झाली होती.”

तायवो लगेच कपाटाकडे वळली. “कपाटात तिची आधीची मापं साठवलेली आहेत, आई! होती तश्शी झीज परत आणता येईल. दोन मिनिटांत!”

आईनं कपाटाचं दार लावून टाकलं.

“नको. ती झीज यंत्राची होईल, माझी नाही.”

मग तिनं कोमट पाण्याचं भांडं पुढं ओढलं आणि बाहुली तायवोच्या हातात दिली.

“आज तू न्हाऊ घाल. नाकापासून सुरू कर. तिथं बोट लावलं की खुदकन हसायची ती.”