स्वच्छ घराणं

सत्तावीस वर्षांच्या प्रणितला आठ महिने शौचावाटे रक्त पडत होतं आणि अख्खं गव्हाण गाव त्याला मूळव्याधीवरचा पाला सुचवत होतं. शेवटी पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर?"

"नाय! घराणं एकदम स्वच्छ हाय," वडील बाळूशेठ म्हणाले. धाकट्या लेकीसाठी स्थळं येत होती, त्यामुळे उत्तर तोंडपाठ होतं.

"मग महिनाभर गोळ्या देते. नाही थांबलं तर दुर्बिणीने बघू."

बाळूशेठनी दारात चपलेत पाय घातला, काढला, पुन्हा घातला. मग माघारी आले.

"बाई, दुर्बीण आजच घाला. माझा भाऊ जगन तिशीच्या आत त्याच रोगानं गेला."

प्रणित दचकला. "जगनकाका? ते तर बाईकवरून पडले होते ना?"

"त्या साली तुझ्या आत्याचं लग्न जमवायचं व्हतं."