‘टेक’चा वर्ग

“वर्ग आता बंद केलाय, काकू,” मृदुला दारातूनच म्हणाली. आईला जाऊन पंधरवडा झाला होता आणि आईकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या बायका नेहमीसारख्या चपला काढत होत्या.

“असू दे. पण बाईंनी ‘टेक’ हा शब्द अर्धाच शिकवलाय,” अनसूयाबाई म्हणाल्या. “घरातलं एकेक वाक्य आणायला सांगितलं होतं. तेवढं ऐकून घ्या, मग जातो.”

सतरंजीवर बसून त्या सगळ्या एकेक करून इंग्रजीत बोलू लागल्या. एकीने नातवाचा फोटो काढला होता, दुसरीने सासूला दवाखान्यात नेलं होतं, तिसरीच्या भाकऱ्यांना तास लागला होता. अनसूयाबाईंचा नवरा सगळंच मनाला लावून घेत होता. त्यावर खसखस पिकली. प्रत्येक वाक्यात ‘टेक’ होता आणि दर वेळी वेगळा.

मृदुला कॉलेजात इंग्रजी शिकवायची. हे सगळे अर्थ तिने कोशातून पाठ केले होते. आईने ते या बायकांना आपापल्या घरातून उचलायला शिकवलं होतं.

“आता तुमचं वाक्य, ताई. बाईंच्या वर्गात कुणी नुसतं बसायचं नाही,” अनसूयाबाई म्हणाल्या.

“उद्या सांगते,” मृदुला म्हणाली.

“ऐकलंत ना?” अनसूयाबाई बाकीच्यांकडे वळल्या. “उद्या वर्ग आहे.”